तीन नंबरचं मचाण

जमीन बघायला गेला की हार्लन टीग आधी कुंपण बघायचा, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी विकणाऱ्याचं तोंड. तीस वर्षं त्याने कॅन्सस सिटीत लिफ्ट तपासल्या होत्या. दोर किती झिजलाय, ब्रेक किती उशिरा लागतोय, ते मोजायचं आणि सही करायची, नाहीतर लिफ्टला कुलूप घालायचं, एवढंच त्याचं काम. माणसं काय सांगतात यावर त्याचा फारसा विश्वास नसे. माणसं नेहमी "कालपर्यंत तर नीट चालत होती" असंच सांगतात.

जाहिरातीत लिहिलं होतं : एकशे सदतीस एकर, पैकी पन्नास पेरणीखाली, बाकी ओक आणि हिकरीचं रान, बारमाही ओढा, दीड एकराचं तळं, लाकडी केबिन, पाच मचाणं तयार, हरणं आणि टर्की भरपूर. आता जाहिरातीत सगळीच जमीन अशी असते, जशा लग्नाच्या जाहिरातीत सगळ्याच मुली गोऱ्या आणि गृहकृत्यदक्ष असतात. म्हणून हार्लन ऑगस्टमधल्या एका भर उन्हाच्या दिवशी मोजपट्टी आणि वही घेऊन मिझुरीच्या त्या कोपऱ्यात जाऊन धडकला. बरोबर धाकटा भाऊ ड्यूई होता.

आणि जाहिरात खरी निघाली. ओढ्याला पाणी होतं. मक्याच्या बांधावर हरणांच्या खुरांची पायवाट इतकी रुळलेली, की गाईगुरांची वाटावी. झाडांच्या बुंध्यांवर नरांनी शिंगं घासून सालं काढली होती, ती हार्लनच्या कमरेच्याही वर. ड्यूईने एका बुंध्यावर हात फिरवला आणि भावाकडे बघितलं. एक्कावन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडावर तसलं हसू हार्लनने फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

फार वर्षांत म्हणजे अकरा. बाप गेला तेव्हा थोरला म्हणून हार्लनने सही केली आणि घरची जमीन लिलावात गेली. ड्यूई "नको रे" म्हणत होता. हार्लनने आकडे मांडून दाखवले, आकडे बरोबरच होते. ड्यूई त्या दिवशी जो उठून गेला, तो परत बोलला तो हार्लनची बायको वारली तेव्हा, आणि तेही चार शब्द. ड्यूईचा संसार त्याआधीच मोडला होता. म्हणजे आता दोघांना मिळून दोघंच उरले होते. ही जमीन हार्लन घेत होता ती हरणांसाठी नव्हे. आपण एकदा जे मोडलं ते पुन्हा जोडता येतं का, हे त्याला बघायचं होतं. तसं त्याने तोंडाने कधी म्हटलं नाही. टीगांच्या घरात असलं कोणी म्हणत नसत.

विकणारी बाई खडीच्या रस्त्याच्या पलीकडे राहायची. आर्डिस प्रुइट. एक्क्याऐंशी वर्षांची, काटकुळी, ताठ. आपलं घर आणि भोवतीचे दोन एकर तिने विक्रीतून वगळले होते. ती स्वतः काठी टेकत केबिन दाखवायला आली.

"तुमचा धंदा काय म्हणालात?" तिने विचारलं.

"लिफ्ट तपासायचो, मॅडम. आता निवृत्त झालो."

"म्हणजे चुका काढायच्या."

"चूक नसली तर काढत नाही."

"असते हो. कुठे ना कुठे असतेच," म्हातारी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

केबिनच्या दाराशी अक्रोडाच्या लाकडाचा एक फळा होता. त्यावर पाच पितळी खुंट्या, प्रत्येकीखाली तापल्या सळईने डागलेला आकडा. दोघा भावांना तो काय आहे ते सांगावं लागलं नाही. बापाच्या जमिनीवर असाच फळा होता. बाहेर पडताना आपल्या नावाचा बिल्ला आपल्या मचाणाच्या आकड्यावर अडकवायचा, परत आलं की काढायचा. त्यावरून कोणत्या दिशेला गोळी झाडायची नाही हे बाकीच्यांना कळतं, आणि दुपारनंतर बिल्ला लटकलेलाच असला तर कुठे शोधायचं तेही कळतं. आपला बिल्ला आपणच काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. लहानपणी ड्यूईने गंमत म्हणून एकदा हार्लनचा बिल्ला काढून खिशात घातला, तेव्हा एरवी आवाजही न चढवणाऱ्या बापाने त्याला कमरेच्या पट्ट्याने फोडून काढलं होतं.

प्रुइटबाईच्या फळ्यावर चार खुंट्या मोकळ्या होत्या. तीन नंबरवर बिल्ला होता. त्यावर ठोकून लिहिलेलं : व्हर्लिन.

"तेवढा काढायचा नाही," ती म्हणाली. "बाकी केबिन पाडा, रंगवा, काय वाटेल ते करा."

"कोण हे?" ड्यूईने विचारलं.

"माझा नवरा. शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी गेला, तीन नंबरला. एकोणीस वर्षं झाली. अजून उतरला नाही."

मग तिने पाककृती सांगावी तसं सगळं सांगितलं. रायफल मचाणाला टेकवलेली होती. थर्मासच्या झाकणात ओतलेली कॉफी वाफाळत होती. शेरीफने आठ दिवस शोधलं, तळं उपसलं. कुत्री आणली, तर ती मचाणाखाली जाऊन बसली आणि वर बघत राहिली. तिथून पुढे एक पाऊल टाकेनात.

"ज्याचा त्याने काढायचा असतो," ती म्हणाली. "तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही शिकारी माणसं."

"नाही काढणार, मॅडम," हार्लन म्हणाला आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

परतताना पिकअपमध्ये ड्यूईने गालात तंबाखू भरली. मग म्हणाला, "म्हातारा टेक्सासला गेला असेल. एखाद्या लाल केसांच्या बाईबरोबर."

"थर्मास सोडून?"

"ती कॉफी प्यायला असतास तर तूही गेला असतास." आणि दोघं हसले. अकरा वर्षांनी एकत्र हसले.

सप्टेंबरात खरेदीखत झालं. किंमत आसपासच्या जमिनीपेक्षा कमी होती. का, ते हार्लनने विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचंच त्याला पुढे सगळ्यात नवल वाटलं.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार हा हंगामाचा पहिला दिवस. शुक्रवारी दुपारी दोघं केबिनवर आले. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून दोघांच्या नावाचे नवे बिल्ले ठोकून आणले होते. पाचही मचाणं हार्लनने महिनाभर आधीच तपासली होती. शिड्यांचे बोल्ट बदलले, फळ्यांवर उड्या मारून बघितल्या. सगळ्यात चांगलं मचाण तीन नंबरचं होतं, त्यात वादच नव्हता. ओढा तिथे उथळ होतो आणि रानातल्या सगळ्या वाटा त्या उतारावर एकत्र येतात. बापाला असं मचाण जन्मात मिळालं नाही.

"तीनवर तू बस," हार्लन म्हणाला.

"मी चारवर बसतो. बाईच्या नवऱ्याचा बिल्ला आहे तिथे."

"म्हणून काय झालं? एका खुंटीवर दोन बिल्ले लटकवायचे?"

"राहू दे ना हार्लन. शब्द दिलायस."

आता हार्लनच्या जागी दुसरा कोणी असता तर राहू दिलं असतं. पण तीस वर्षं त्याने लिफ्टमध्ये चुकीचा आकडा दाखवणारा दिवा दिसला की लिफ्ट बंद पाडली होती. फळा असतो तो खरं सांगायला. तीन नंबरवर माणूस नाही आणि फळा म्हणतोय आहे. मग उद्या त्याच्या कुठल्या खुंटीवर विश्वास ठेवायचा? आणि त्याला ते चांगलं मचाण ड्यूईला द्यायचं होतं. एकदा काढून घेतलं होतं, आता द्यायचं होतं. माणूस प्रेमाने जो हट्ट करतो त्याला औषध नसतं.

त्याने व्हर्लिनचा बिल्ला काढला. लाकडावर त्याच्याखाली बिल्ल्याच्या आकाराचा फिकट डाग पडला होता. शेगडी अजून पेटवलेली नव्हती, केबिनमध्ये तोंडातून वाफ निघत होती. बिल्ला कोमट होता.

खिडकीतून ऊन येत असेल, त्याने स्वतःला सांगितलं, आणि बिल्ला टेबलाच्या खणात टाकून दिला. खिडकी दुसऱ्या भिंतीला होती.

शनिवारी उजाडायच्या आत कॉफी झाली. बाकीच्या शिकाऱ्यांना लांबून दिसावीत अशी नारिंगी जाकिटं चढली. ड्यूईने आपला बिल्ला तीनवर अडकवला, हार्लनने पाचवर. फाट्यापर्यंत दोघं बरोबर चालले. पानांवर दहिवर गोठून कडक झालं होतं, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा.

"साडेनऊला केबिनवर," हार्लन म्हणाला. "अंडी मी करतो."

"बापासारखा खोकत बसू नकोस, माझी हरणं पळतील," ड्यूई म्हणाला. त्याच्या गालात तंबाखू होती, तिचा पुदिन्यासारखा वास येत होता. दोन पावलं गेला आणि वळला. "हार्लन. बरं केलंस, ही जमीन घेतलीस."

हार्लनने नुसता हात हलवला.

पाच नंबरवरून त्याने उजाडताना बघितलं. खारी खाली उतरल्या, कावळे ओरडले, लांब कुठेतरी दोन बार झाले. पावणेआठला सगळं थांबलं. खारी जिथल्या तिथे. वारा नाही. तीन नंबरच्या दिशेने शिडीचा लोखंडी आवाज आला, जड बुटांचा, एकामागे एक, सावकाश. कोणीतरी उतरत होतं. मग पुन्हा कावळे ओरडले.

इतक्यात उतरला? कंटाळला असेल, हार्लनला वाटलं.

साडेनऊला त्याने सॉसेज तळायला टाकले. दहाला शेगडी बंद केली. ड्यूईचा बिल्ला तीनवर लटकत होता.

सव्वादहाला तो तीन नंबरच्या मचाणाखाली उभा होता. दहिवरात येणारी पावलं दिसत होती, ड्यूईची, शिडीपर्यंत. शिडीपासून निघणारी पावलंही होती. ती मोठी होती, आणि ती केबिनकडे न जाता सरळ रस्त्याकडे गेली होती.

वर रायफल टेकवलेली होती. थर्मासचं झाकण फळीवर होतं. कॉफीतून वाफ निघत होती.

हार्लनने भावाला हाक मारली. मग ओरडला. मग किती वेळ ओरडत होता ते त्याला कळलं नाही. घसा फाटला तेव्हा थांबला.

शेरीफचे लोक आले, शेजारचे शेतकरी आले, हंगाम सोडून चाळीस माणसं रानात फिरली. कुत्री आणली. ती मचाणाखाली बसली आणि वर बघत राहिली. एका जुन्या पोलिसाने ते बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. हार्लनच्या नजरेला नजर दिली नाही. त्या मोठ्या पावलांबद्दल हार्लनने सांगितलं, पण तोवर ऊन चढून दहिवर वितळलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता ओलांडून प्रुइटबाईकडे गेला. दार उघडंच होतं. आतून भाजलेल्या बिस्किटांचा आणि सॉसेजच्या रश्श्याचा वास येत होता.

स्वयंपाकघरात टेबलाशी एक माणूस जेवत होता. साठीचा, रुंद खांद्याचा, चेहरा गोरामोरा झालेला. खुर्चीच्या पाठीवर नारिंगी जाकीट होतं, जुन्या पद्धतीचं. पायांत मोठे बूट होते.

"ये, बस," तो माणूस म्हणाला. "आर्डिस, याला कॉफी दे. तूच का तो नवीन मालक? मी व्हर्लिन."

 हार्लनने दाराची चौकट धरली.

"ही म्हणते एकोणीस वर्षं झाली," व्हर्लिन चमच्याने रस्सा ढवळत म्हणाला.  "मी फार तर दीड तास बसलो होतो. हिने हाक मारली, नाश्ता झालाय म्हणून. मी उतरायला लागलो तर शिडी हादरली. वर कोणीतरी चढत होतं. दिसलं नाही कोणी. मी आपला एका बाजूला झालो, वाट दिली. एवढंच. घरी येऊन बघतो तर ही माझी आई झालीय."

"तोंड सांभाळून बोल," आर्डिस म्हणाली, पण तिचा हात त्याच्या खांद्यावर होता. तो हात ती काढत नव्हती.

"मॅडम," हार्लन म्हणाला. "तुम्ही मला सांगितलं होतं. काढू नका म्हणून."

"सांगितलं होतं."

"मग?"

"तुझ्याआधी सात वर्षं दोघांनी जमीन भाड्याने घेतली होती. देवभोळी माणसं. त्यांनी हात लावला नाही." म्हातारी त्याच्याकडे सरळ बघत होती. ती आता त्याला अरेतुरे करत होती. "माझ्या हाताने काढून मी किती वेळा पाहिलं. नुसता काढून काही होत नाही. तिथे दुसरं नाव लागावं लागतं. मग तू म्हणालास, लिफ्ट तपासतो. मला वाटलं, हा माणूस चुकीचा आकडा बघून गप्प बसायचा नाही."

"माझा भाऊ आहे तो."

"हो," ती म्हणाली. "आणि हा माझा नवरा आहे."

तिला मारावं असं हार्लनला वाटलं. खरंच वाटलं. त्याच्या हातात टेबलावरचा लोखंडी तवा होता आणि तो कधी उचलला ते त्याला आठवत नव्हतं. व्हर्लिन उठला नाही. त्याने डोकं खाली घातलं आणि म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं रे. देवाशपथ." मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. हार्लनने तवा खाली ठेवला.

केबिनवर येऊन तो फळ्यासमोर खुर्ची टाकून बसला. त्याने ते सगळं लिफ्टसारखं तपासून बघितलं. लिफ्टचा पाळणा खाली येतो तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन वर जातं. का, ते म्हातारीला माहीत नव्हतं, व्हर्लिनला नव्हतं, आणि त्यालाही कधी कळणार नव्हतं. पण दोराच्या एका टोकाला ड्यूई होता. दुसऱ्या टोकाला नाव लागत होतं. शेरीफच्या माणसांत बारीक मिशांचा एक विशीतला पोलीस होता. काल त्यानेच आपण होऊन विचारलं होतं, मी तिथे वर बसून बघू का. त्या पोराचंच नाव लावावं, असा एक क्षण हार्लनच्या मनात आला. एकच क्षण, पण आला, आणि त्याची त्याला शिसारी आली.

त्याने ड्यूईचा बिल्ला काढला. तो कोमट होता. तिथे स्वतःचा लावला.

दुपारचं ऊन स्वच्छ पडलं होतं. शोधणारी माणसं तळ्याच्या बाजूला गेली होती. हार्लन शिडी चढायला लागला. चौथ्या पायरीवर असताना शिडी हादरली.

वर कोणी नव्हतं. पण पावलं येत होती, वरून खाली, पायरी पायरी. हार्लन एका बाजूला झाला. त्याच्या खांद्याला खांदा घासला. पुदिन्याच्या तंबाखूचा वास आला.

"ड्यूई," तो म्हणाला.

 पावलं खाली गेली, पानांवर वाजली, आणि वाजत वाजत लांब गेली. हार्लनने कपाळ शिडीला टेकवलं. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

मग तो वर गेला. मचाणाची फळी ड्यूई बसला होता तिथे अजून उबदार होती.

बसल्यावर तसं काहीच झालं नाही. ओढा वाहत होता. झाकणातली कॉफी तिसऱ्या दिवशीही गरम होती, त्याने एक घोट घेतला. थोड्या वेळाने उतारावर एक नर आला, बारा फाट्यांच्या शिंगांचा, अंगावर ऊन घेऊन उभा राहिला आणि हार्लनकडे बघत राहिला. हार्लनने ड्यूईच्या रायफलला हात लावला नाही. बाप असता तर काय म्हणाला असता, असं त्याच्या मनात आलं. फार तर दीड तास गेला असेल.

"हार्लन!" रस्त्याच्या बाजूने हाक आली. ड्यूईचा आवाज. "चल, अंडी करायला घेतोय!"

 आनंदाने धडपडत तो शिडीवर आला. अर्ध्यावर असताना शिडी हादरली.

खालून कोणीतरी चढत होतं. पाऊल हलकं होतं. अगदी हलकं, भराभर चढणारं, उत्साहाचं.

हार्लनने थांबायला हवं होतं. आडवं यायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. खाली भाऊ बोलावत होता. तो एका बाजूला झाला. केसांना लावायच्या कसल्यातरी फुलांच्या तेलाचा वास त्याच्या तोंडावरून वर गेला.

वाट ओळखीची होती, झाडं जाड झाली होती. केबिनच्या दाराशी एक पिकअप उभी होती, तसली त्याने कधी पाहिली नव्हती. तो न थांबता रस्ता ओलांडून पलीकडे गेला. प्रुइटबाईच्या घराला पांढरा रंग दिला होता. दारात एक म्हातारा उभा होता.

त्यांचा बाप एकोणसत्तराव्या वर्षी गेला. हा म्हातारा बापापेक्षाही म्हातारा होता. नाकात प्राणवायूची नळी होती, हातांवर डाग पडले होते. त्याने तोंड उघडलं आणि हार्लनला पुदिन्याच्या तंबाखूचा वास आला.

"तू तसाच आहेस," ड्यूई म्हणाला. "अगदी तसाच. अरे, तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय, तेसुद्धा तसंच आहे." आणि त्याने दोन्ही हात भावाच्या तोंडावर ठेवले.

 मग ड्यूईने त्याला हाताला धरून आत नेलं आणि टेबलाशी बसवलं. शेगडीवर तवा तापत होता. खिडकी उघडी होती. समोर रस्ता आणि त्यापलीकडे रान.

"मी कुणाला जाऊ दिलं नाही तिथे," ड्यूई पाठमोरा उभा राहून म्हणाला. "तुला सांगतो हार्लन, किती माणसं विचारायला आली. मी म्हणायचो, जमीन विकायची नाही. शपथेवर सांगतो. व्हर्लिन मेला, आर्डिस मेली, तिच्या या घरात मी टिकलो. गेल्या मार्चमध्ये डॉक्टर म्हणाला, पुढचा मार्च काही दिसायचा नाही. मग मला राहवलं नाही रे. एकदा बघायचं होतं तुला."

"ड्यूई. जमीन कुणाला विकलीस?"

ड्यूईने तव्यावर लोण्याचा तुकडा टाकला. तो वितळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

"आत्ता वर कोण आहे?"

रस्त्यापलीकडून, ओढ्याच्या बाजूने, एका पुरुषाची हाक आली. "केल्सी?" साधीच हाक होती, जेवायला बोलावल्यासारखी. थोडा वेळ गेला. "केल्सी! अगं, उतरलीस का? केल्सी!" तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज चिरकला. मग हाकांमधलं अंतर कमी कमी होत गेलं.

ड्यूईने पुढे होऊन खिडकी लावून घेतली, कडी सरकवली आणि टोपलीतली अंडी काढली.

"दोन करू की तीन?" त्याने विचारलं.